पोत्यासारखं बसा

साहेब, पोती तुम्ही उतरवलीत.

मुरूम भरून, तोंडं सुतळीनं शिवून आम्ही तिघींनी ती लाल गाडीच्या हौद्यात चढवली होती. ती तिथंच राहिली असती तर आज तुमच्याशी बोलायचं मला काही कारण नव्हतं. तुम्ही पोलिसांना सांगितलंत, वाडीला सांगितलंत, अजूनही पाहुण्यांना सांगता, की बायका हौसेनं गाडीत चढल्या आणि नको ते झालं. तेव्हा मला कुणी विचारलं नाही. आता कुणी विचारेल म्हणून मी वाट बघत नाही.

त्या दिवशी दोन गाड्या टेम्पोतून उतरल्या, तेव्हा आम्ही तुमच्या रिसॉर्टच्या लॉनवरचं गवत गोळा करत होतो. जीपपेक्षा बुटक्या, पुढे दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढ्याच जागा, डोक्यावर लोखंडी पायपांचा पिंजरा आणि मागे उघडा हौदा. तुम्ही त्यांना बग्गी म्हणायचात. एक हिरवी, रुंद, जमिनीला धरून चालणारी. दुसरी लाल, उंच, चाकं मोठी, टकाटक. शोरूमचा माणूस होता तांबट नावाचा. कोरा शर्ट, आणि हातात सारखं फडकं. कुणी गाडीला बोट लावलं की पुसायचा.

"एक गाडी दोन्ही कामं करणार?" तुम्ही त्याला विचारत होता. "गवत, शेणखत, जळण वाहायचं. आणि शनिवार-रविवारी पाहुण्यांना कड्यापर्यंत न्यायचं. तिथं जीप जात नाही."

"दोन्ही जमेल साहेब. हिरवी कामाला चांगली. लाल पाहुण्यांना आवडेल."

"मला एकच घ्यायचीय."

"मग चालवून बघा. वाट तुमची, गाडी आमची."

बयाक्का माझ्या शेजारी उभी होती. माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन वाडीवर आले तेव्हा भाकरी तिनं शिकवली, भारा उचलायला तिनं शिकवलं, आणि माझ्या नवऱ्याच्या शिव्यांना उत्तर द्यायलाही तिनंच शिकवलं. भारे वाहून तिच्या टाळूवर केस उरले नव्हते. पदर सरकला की वाटीएवढी चकाकती जागा दिसायची. मान डावीकडे पुरती वळायची नाही. डावीकडच्या माणसाशी बोलायचं तर ती अख्खी फिरायची.

ती अख्खी फिरून हिरव्या गाडीकडे बघत होती.

"चिंगे, ह्यात म्हस बसंल."

"म्हस न्हाय, आक्का. गवत बसंल."

"आपल्या डोक्यावरचं सगळं?"

"सगळं."

"मग ही घ्यावी त्येंनी," ती म्हणाली. "लाल नगं. लालीचं भांडं उथळ हाय."

ती हौद्याला भांडं म्हणाली, त्यावर गजरा हसली. गजरा आमच्यात लहान, वर्षभरापूर्वी लग्न झालेली. तांबटानं ऐकलं आणि तोही हसला. "बरोबर बोलल्या मावशी. हिरवीचा हौदा मोठा आहे. परदेशात डोंगरात कुणी पडलं ना, तर याच गाडीतून खाली आणतात. सरळ आडवं झोपवता येतं माणसाला."

"इथं कोण पडणार, तांबट?" तुम्ही म्हणालात. "इथं लोक फोटो काढायला येतात."

हे तुमचं वाक्य मी विसरलेले नाही. तुम्ही विसरला असाल म्हणून सांगून ठेवते.

आधी तुम्ही हिरवी चालवलीत. तिच्यात आमचे गवताचे भारे टाकले, चादरीत बांधलेले. कड्याच्या वाटेनं गेलात आणि आलात. भारे जसेच्या तसे. तुमच्या तोंडावर मात्र काही मजा नव्हती.

"बैलगाडी आहे ही," तुम्ही म्हणालात.

"पण दणकट आहे," सुपरवायझर खरात म्हणाले.

"खरात, पाहुणे दणकटपणाचा व्हिडिओ काढत नाहीत. लालीत वजन भरा."

म्हणून आम्ही पोती भरली. खरातांनी जागा दाखवली, आम्ही टिकावानं मुरूम सुटा केला आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरला. लाल गाडीच्या हौद्यात एकेक पोतं दोघींनी धरून चढवलं. बयाक्काचं लक्ष कामात कमी आणि हिरव्या गाडीकडे जास्त होतं.

तांबट फडकं घेऊन आला. त्यानं एक पोतं थोडं सरकवलं, खालून हात फिरवला, आणि तुम्हाला बाजूला बोलावलं. तुम्ही दोघं इंग्रजीत बोललात. तुम्ही मान हलवलीत, आणि आमच्याकडे बघितलंत. आमच्याकडे म्हणजे तोंडाकडे नाही. बाजारात जनावर घेताना कुणी बघावं तसं, वरपासून खालपर्यंत.

"पोती काढा," तुम्ही म्हणालात.

"का साहेब?" खरातांनी विचारलं.

"पोती सरकतात. माणसं धरून बसतात. या तिघी बसतील मागे."

खरात आमच्याकडे आले. "चला गं. उतरवा आणि चढा."

"आमी?" गजरा म्हणाली.

"मग काय मी? तुमचं वजन बरोबर भरतंय म्हणतात."

"आत्ताच चढवली की पोती," मी म्हणाले.

"चिंगूबाई, कामावर आहात. बसायचं काम आहे, वाहायचं नाही. कुरकुरता कशाला?"

बयाक्कानं आधीच एक पोतं ओढायला घेतलं होतं. "चल गं चिंगे," ती म्हणाली. "आयुष्यभर वझं वाहिलं. एक दीस वझं हून बगू."

ती हसत चढली, हे खरं आहे. तुम्ही जी हौस म्हणता ना साहेब, ती एवढीच. तिनं कामाच्या हुकमाचा विनोद केला. आमच्यात हुकूम असाच गिळतात.

चढताना तांबट म्हणाला, "चपला काढून बसा हं मावशी." आम्ही चपला काढून खाली मांडून ठेवल्या, देवळात ठेवतात तशा. विळे कमरेला होते, तेही काढायला लावले. आम्ही अनवाणी बसलो. तुम्ही पुढे बसलात, शेजारी तांबट. दोघांनी छातीवरून आडवे पट्टे ओढून लावले. मागे पट्टा नव्हता. धरायला पिंजऱ्याचा मागचा पाइप होता, तो बयाक्काच्या आणि गजराच्या हाताला आला. मी बयाक्काला धरलं. खरात मागून हिरवी घेऊन आले, व्हिडिओ काढायला.

कड्याच्या वाटेवर पांढऱ्या खडकाचं वळण आहे. तिथं वाट दरीकडे कललेली आहे. डोक्यावर भारा घेऊन आम्ही तिथून जायचो तेव्हा अंग आपोआप डोंगराकडे जायचं. ते कुणी शिकवावं लागत नाही. तिथं पाय ठेवला की अंगालाच कळतं. गाडी त्या वळणावर आली, दरीकडची बाजू खाली गेली, आणि आम्ही तिघी एकदम डोंगराकडे कललो. गजरा तर जवळजवळ बाहेर लोंबकळली. गाडी वळण पार करून गेली.

तुम्ही ब्रेक मारलात आणि मागे वळलात.

"तुम्ही कललात का?"

आम्हाला प्रश्नच कळला नाही.

"मला आरशात दिसलं. तिघी एका बाजूला. का कललात?"

"पडलो असतो न्हवं," बयाक्का म्हणाली.

"अहो, ही टेस्ट आहे. मला गाडी बघायचीय, तुम्हाला नाही. मी घेतल्यावर यात खताची पोती जाणार. पोतं कलतं का?"

बयाक्का अख्खी फिरली, तुमच्याकडे तोंड करून. "न्हाय कलत."

"मग? पोत्यासारखं बसा. मधोमध. हलायचं नाही. पुन्हा घेतो."

"साहेब, एकदा गेली की पार," तांबट म्हणाला. "कळलं आपल्याला."

"मला नाही कळलं."

तुम्ही गाडी मागे घेतलीत. पहिल्यापेक्षा जास्त मागे. गजरा माझ्या कानात म्हणाली, "मी उतरते." बयाक्कानं तिच्या मांडीवर थापटलं. "बस गं. पोत्याला सासू नसती, नवरा नसतो. बरं असतंय पोत्याचं." आम्ही तिघी मधोमध बसलो, गुडघे पोटाशी घेऊन. बयाक्का दरीकडे, मी मध्ये, गजरा डोंगराकडे. तुम्ही आरशात बघितलंत. मी तुमचे डोळे आरशात बघितले. तुम्ही अंगठा वर केलात.

मग वेग.

वळणावर तीच बाजू खाली गेली. माझं अंग डोंगराकडे निघालं होतं आणि मी ते आवरलं. शेजारी बयाक्कानं आवरलं, हे मला तिच्या खांद्यावरून कळलं. तो खांदा दगडासारखा घट्ट झाला होता. अंगाला कळत होतं, आणि आम्ही अंगाला गप्प बस म्हणत होतो. हुकूम होता.

डोंगराकडची चाकं उचलली गेली. फार सावकाश, असं वाटलं. गजरा बाहेर फेकली गेली ती वरच्या बाजूला, झुडपात. मी पिंजऱ्यावरून गडगडत वाटेच्या कडेला. गाडी कुशीवर पडून घसरली आणि खडकाला अडून थांबली. खडक नसता तर तुम्हीही गेला असतात. इंजिन चालू होतं. वरचं चाक हवेत फिरत होतं.

बयाक्का पाइपाखाली होती. पाइप कमरेवर.

तुम्ही पट्ट्याला लटकत होता. तांबटानं आधी स्वतःचा पट्टा सोडला, मग तुमचा. तुम्ही दोघं बाहेर आलात. तुमचा चष्मासुद्धा जागेवर होता. खरात धावत आले, मी आणि गजरा, आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली. तुम्हीही हात लावलात, ते मी नाकारत नाही. गाडी सरळ झाली. मी बयाक्काला ओढून वाटेवर घेतलं. तिच्या लुगड्यातून रक्त येत होतं, थांबत नव्हतं.

"चिंगे," ती म्हणाली, "पाय हायेत का बघ."

"हायेत, आक्का."

"मला लागंनात."

खरात तांबटावर ओरडले. "पोतीच असू द्यायची होती ना. कशाला उतरवायला लावलीत?"

तांबट रडवेला झाला होता. त्या घाईत तो मराठीतच बोलला. "अहो, मुरमाच्या पोत्यांनी हौदा घासतो. चरे पडले तर गाडी परत कशी नेऊ शोरूमला? साहेबांना एवढंच म्हटलं, की चरा पडला तर घ्यावीच लागेल. माणसं बसवा असं मी नाही म्हटलं. ते साहेबांनी ठरवलं."

तेव्हा मला कळलं. चपला का काढायला लावल्या, विळे का काढायला लावले. पोती सरकतात म्हणून नाही. आम्ही मऊ होतो म्हणून. आमच्यानं रंगावर चरा पडत नव्हता.

तुम्ही तोवर लाल गाडीभोवती फिरून आला होतात. तिच्या चाकाला तुम्ही लाथ मारलीत. "ही नकोच," तुम्ही म्हणालात. "उलटते. हिरवी फायनल."

बयाक्का तिथंच पडलेली. तिनंही ऐकलं. ती सकाळपासून तेच म्हणत होती.

हिरवी तिथंच उभी होती, आम्हाला हाक मारली तर ऐकू येईल इतक्या जवळ. हौदा रिकामा. नुसत्या गवताच्या चादरी पडलेल्या. खरात म्हणाले, "साहेब, हिरवीत झोपवू. गेटपर्यंत नेऊ, पुढे जीपनं दवाखाना."

तुम्ही चालत हिरवीकडे गेलात, वाकून चावी काढलीत आणि पँटच्या खिशात टाकलीत.

"पाठीला लागलंय," तुम्ही म्हणालात. "धक्के बसतील. माणसांनी उचलून नेलेलं बरं."

"माणसांनी न्यायला लई वेळ लागंल," मी म्हणाले. "साहेब, चावी द्या."

"बाई, तुम्हाला समजत नाही त्यात."

"वाटेत दोन टेकड्या हायेत. रक्त थांबंना तिचं. द्या चावी."

"ती गाडी अजून आपली नाही," तुम्ही म्हणालात, मला नाही, खरातांना. "शोरूमची आहे. आत सगळी घाण झाली तर शोरूमला कोण तोंड देणार?"

तांबट पुढे आला. "न्या साहेब. मी बघतो शोरूमचं. न्या तुम्ही."

"तांबट, तुम्ही मध्ये पडू नका."

असं तुम्ही म्हणालात. तो शोरूमचा माणूस, ज्याच्या फडक्याला दिवसभर चैन नव्हती, तो न्या म्हणत होता. तुमचा हात खिशावरच होता.

मग आम्ही वाट बघितली नाही. कड्याच्या वाटेला खुणेसाठी तुम्ही बांबू रोवले होते, टोकाला लाल फीत बांधून. गजरानं हलवून हलवून एक उपटला. हौद्यातली चादर मी ओढून आणली. चादरीत बयाक्काला घालून गाठी मारल्या, मधून बांबू घातला. पुढे खरात, मागे मी, गजरा आलटून पालटून. खरातांना मी पुढे काही चांगलं म्हटलेलं नाही, पण तो बांबू त्यांच्या खांद्यावर होता, हे सांगितलंच पाहिजे.

"हळू," बयाक्का चादरीतून म्हणाली. "पोतं न्हाय मी."

कुणी हसलं नाही. तिला हसायचं होतं, असं मला वाटलं.

पहिल्या टेकडीच्या चढावर मागून हॉर्न वाजला. हिरवी गाडी. तुम्ही चालवत होता, शेजारी तांबट, मान खाली घालून. वाट अरुंद. तुम्ही पिंजऱ्याच्या पायपांमधून डोकं बाहेर काढून म्हणालात, "मी पुढे जाऊन जीप काढून ठेवतो. जरा बाजूला होता का?"

आम्ही डोली घेऊन बाजूला झालो. काटेरी झुडपात पाय टाकून उभे राहिलो आणि तुम्हाला वाट दिली. रिकामा हौदा आमच्या शेजारून गेला. इतक्या शेजारून, की चादरीचं टोक त्याला घासलं.

गाडी बयाक्काच्या डाव्या अंगानं गेली होती. तिला मान वळवता येत नव्हती. तिनं विचारलं, "काय गेलं गं?"

"हिरवी गेली, आक्का."

"आन् आपण?"

आम्ही पुन्हा वाटेला लागलो. दुसऱ्या टेकडीवरून गेट दिसतं. जीप काढलेली दिसत होती, इंजिन चालू, दार उघडं. तुम्ही शब्द पाळला होता. खरातांनी थांबून विचारलं, "चिंगूबाई, बोलतायत का त्या?" मी बांबू खांद्यावरून न उतरवता वाकून बघितलं. तिचे डोळे उघडे होते, वर आभाळाकडे. पदर सरकला होता आणि टाळूवरची ती वाटीएवढी जागा उन्हात चकाकत होती.

हिरवी गाडी तुम्ही घेतलीत. तिच्यात गवत जाऊ लागलं, खत जाऊ लागलं, जळण जाऊ लागलं. मग भारे वाहायला बायका लागेनात. आधी गजराला नको म्हणालात, मग मला. बयाक्काला सांगायची गरज नव्हती.

हे सगळं जुनं झालं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं असतं. परवा मी पांढऱ्या खडकाच्या वरच्या अंगाला शेळ्यांसाठी पाला काढत होते. हिरवी आली. रंग उडालेला, पण चालू. तुम्हीच चालवत होता, केस सगळे पांढरे. मागच्या हौद्यात आता गाद्यांचे बाक बसवलेत, पट्टे लावलेत, तुमची नातवंडं बसली होती. वळणाच्या अलीकडे तुम्ही गाडी अगदी हळू केलीत आणि मागे बघून म्हणालात, "चला, सगळ्यांनी डोंगराकडे कला."

पोरं खिदळत कलली. तुम्हीही कललात. गाडी अलगद पार झाली. मला बघून तुम्ही हात हलवलात, कुठल्याही बाईला हलवाल तसा.

म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे. माणूस कलतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पोत्यांचं मी विचारत नाही, ते तांबटानं तेव्हाच सांगून टाकलं. मी चावीचं विचारते. हिरवी फायनल, असं तुम्ही तिच्यासमोर बोलून चुकला होता. गाडी तुमचीच होणार होती, शोरूमचा माणूस न्या म्हणत होता, हौदा रिकामा होता आणि बाई मरत होती. मग ती गाडी तुम्ही कुणासाठी जपत होता? वाडीला नाही, पोलिसांना नाही, मला सांगा. मी पांढऱ्या खडकावर असते. तुमची गाडी तिथूनच जाते. थांबवा आणि सांगा.